ग्रिलमधून आत शिरलेली हवा गाडीला किती महागात पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोलवरची सेडान, बहुतेक प्रवास हमरस्त्यावर, वेग शंभरच्या आसपास. ग्रिलच्या मागे प्लास्टिकचा पातळ पत्रा बसवून तुम्ही निम्मी जाळी झाकलीत. दोन आठवडे गाडी चालवलीत, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. एक मित्र म्हणतो, अजून झाका, हवा आत शिरली की ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, वाढतो. दुसरा म्हणतो, भिंतीला खिडकी ठेवली की वारा आरपार जातो आणि भिंतीवरचा जोर कमी होतो, म्हणजे जाळी जितकी मोकळी तितका ड्रॅग कमी. यातलं खरं काय, फरक किती पडतो आणि जाळी पूर्ण झाकली तर चालेल का?

गाड्यांचं कूलिंग आणि हवेचा रोध हेच माझं बरीच वर्षं काम आहे, काही विंड टनेलमध्ये (उभ्या गाडीवर पंख्याने वारा सोडून मोजमाप करायचा बोगदा), काही चाचणीच्या रस्त्यावर. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. पहिला मित्र बरोबर आहे, आत शिरणारी हवा ड्रॅग वाढवते. पण ती किती वाढवते हे जाळीच्या आकारावरून ठरत नाही. आत घेतलेली हवा वाटेत किती वेग गमावते आणि कुठून, कोणत्या दिशेने बाहेर पडते, यावर ते ठरतं. आणि पूर्ण झाकू नका. का ते सांगायला जरा जागा लागेल.

खिडकीचं उदाहरण आधी घेऊ, कारण ते ऐकायला अगदी पटतं. वारा खिडकीतून शिरून मागच्या खिडकीतून त्याच वेगाने निघून जाणार असेल तर तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं खरं ठरेल. पण गाडीत खिडकीच्या मागे मोकळी खोली नसते. आधी एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, त्याला चिकटून इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर, मग पंखा, मग इंजिनाचा ठोकळा, वायरी, पाइप, आणि शेवटी खाली तळाकडे किंवा चाकांच्या बाजूला जाणाऱ्या फटी. खिडकीच्या मागे एकावर एक गाद्या रचून ठेवाव्यात तसं हे आहे.

दुसरी गोष्ट, गाडीचं तोंड म्हणजे सपाट भिंत नव्हे. बंपरच्या मधोमध हवा जवळजवळ थांबते आणि तिथे दाब वाढतो, हे खरं. पण तीच हवा बंपरच्या गोलाईवरून आणि बॉनेटच्या कडेवरून वळताना वेग घेते, तिथे दाब वातावरणापेक्षाही खाली जातो आणि ते शोषण गाडीला थोडं पुढे ओढतं. गोलाई नीट असेल तर मध्यावरचा जोर आणि कडांवरचं शोषण यांची बरीचशी वजावट होते. फ्रेंच गणितज्ञ द'अलांबेर यांनी १७५२ मध्ये गणिताने दाखवलं होतं की घर्षण नसलेल्या आदर्श द्रवात बंद तोंडाच्या वस्तूलाही रोध शून्य येतो. खऱ्या हवेत तसं होत नाही, पण त्याचं मोठं कारण मागच्या बाजूला असतं, जिथे हवा गाडीला सोडून भोवरे करते. म्हणून नुसतं नाकाला भोक पाडून फायदा होत नाही. उलट गोलाईवरून व्यवस्थित वळून गेली असती ती हवा आपण आत घेऊन अडथळ्यांवर आपटवतो.

आता ही हवा नेमकी कशी महाग पडते? गाडीत बसून विचार करू नका, रस्त्याच्या कडेला उभे राहून बघा. वारा पडलेला आहे, हवा जागच्या जागी उभी आहे. गाडी आली, तिने त्यातली थोडी हवा पोटात घेतली, आपल्याबरोबर काही अंतर ओढत नेली आणि तळाखाली टाकून दिली. उभ्या हवेला वेग देऊन ओढत न्यायला जोर लागला, तो इंजिनाने दिला. कूलिंगचा ड्रॅग म्हणजे मुळात हाच जोर. हवा सोडताना ती गाडीच्या जवळजवळ वेगाने पुढे जात असेल तर पूर्ण किंमत मोजली. गाडीच्या मागच्या दिशेने जोरात सोडली, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती पुन्हा उभी राहिलेली दिसली, तर बरीचशी किंमत परत मिळाली.

याचा अंदाज हाताने काढता येतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. रेडिएटर ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच धरू, म्हणजे ०.२४ चौरस मीटर. बाहेर हवा २७.८ मीटरने येत असली तरी रेडिएटरच्या पत्र्यांमधून ती बरीच सावकाश जाते, या वेगाला सेकंदाला ३ मीटर धरायला हरकत नाही. म्हणजे दर सेकंदाला ०.७२ घनमीटर, वजनाने साधारण ०.८६ किलो हवा. ही हवा इंजिनाच्या खोलीत गाडीच्या तुलनेतला आपला सगळा वेग गमावते असं धरलं तर ०.८६ गुणिले २७.८, म्हणजे सुमारे २४ न्यूटन. गाडीचा ड्रॅग गुणांक (आकारामुळे हवेचा रोध किती होतो ते सांगणारा आकडा) ०.३२ आणि समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर धरलं तर याच वेगाला हवेचा एकूण रोध सुमारे ३२५ न्यूटन येतो. म्हणजे कूलिंगचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास. रेडिएटरमधला वेग गाडीच्या वेगाबरोबर साधारण त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे हा जोरही बाकीच्या ड्रॅगसारखाच वेगाच्या वर्गाने वाढतो आणि टक्केवारी फारशी बदलत नाही.

प्रत्यक्ष मोजमाप यापेक्षा सहसा थोडं कमी येतं. गाडी आहे तशी एकदा टनेलमध्ये मोजायची, मग सगळी तोंडं बंद करून पुन्हा मोजायची आणि दोन आकड्यांतला फरक घ्यायचा, ही नेहमीची पद्धत. साध्या प्रवासी गाड्यांत हा फरक गुणांकात साधारण ०.०१ ते ०.०३ च्या दरम्यान असतो. कमी येण्याची दोन कारणं. एक तर बाहेर पडणाऱ्या हवेत थोडा वेग उरलेला असतो. दुसरं म्हणजे तोंड बंद केल्यावर ती हवा नाहीशी होत नाही. तिला नाकाभोवतून जावं लागतं आणि तिथे ती स्वतःचा उपद्रव करू शकते.

या दुसऱ्या कारणावर जरा थांबतो, कारण हिशेब आणि खरी गाडी यांची फारकत इथेच होते. टनेलमध्ये झाकण्याचं काम हाताने चालतं. गुडघ्यांवर बसायचं, ग्रिलच्या पट्ट्यांवर टेप दाबून बसवायची, टोकं आत वळवायची, नाहीतर पंखा चालू झाल्यावर ती फडफडतात आणि मोजमाप बिघडतं. मग धुराची नळी घेऊन नाकासमोर धरायची. जाळी उघडी असताना धुराची रेघ सरळ आत जाते आणि संपते. पलीकडून रेघ म्हणून काही निघत नाही, तळाखालून नुसता विस्कटलेला करडा पदर येतो. त्या विस्कटण्यातच पैसे गेलेले असतात. जाळी बंद केली की तीच रेघ बंपरवर येऊन फाटते, अर्धी वर, अर्धी बाजूला. बाजूची रेघ बंपरच्या कोपऱ्याला चिकटून वळली तर उत्तम. एका गाडीत मात्र कोपरा इतका टोकदार होता की रेघ तिथून सुटून थेट पुढच्या चाकावर जात होती. त्या गाडीत खालचं तोंड बंद करून जवळजवळ काहीच मिळालं नाही. आत जे वाचलं ते बाहेर चाकापाशी गेलं.

उलटंही घडतं. आतली हवा चाकाच्या कमानीतून बाहेर पडत असेल तर ती बंद झाल्याने चाकाभोवतीचा गोंधळ कमी होतो आणि हिशेबापेक्षा जास्त फायदा दिसतो. तळाखाली जाणारी हवा कमी झाल्याने मागच्या भोवऱ्यांतला दाबही बदलतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. त्याच गाडीचं बंपर वेगळं असलेलं मॉडेल असेल तरी लावू नये.

तुमच्या गाडीला हे कसं लागू पडतं ते बघू. सगळी जाळी बंद करून गुणांक ०.०१५ ने कमी होतो असं मानू. शंभरच्या वेगाला तो सुमारे १५ न्यूटन होतो, म्हणजे सव्वाचारशे वॅट. गाडी १२०० किलोची असेल तर टायरांचा रोध सव्वाशे न्यूटनच्या आत-बाहेर, त्यात हवेचे ३२५. एकूण ४५० च्या जवळपास, त्यात १५ न्यूटन म्हणजे तीन टक्क्यांहून थोडं जास्त. इंधनात तेवढी बचत दिसत नाही, कारण भार कमी झाला की इंजिनाची कार्यक्षमताही किंचित घसरते. दोन-तीन टक्के धरा, आणि तेही सलग शंभरने जाताना, पूर्ण बंद जाळीला. शहरात तीस-चाळीसच्या वेगाला हा फायदा शोधून सापडणार नाही.

निम्मी झाकल्याने निम्मा फायदा होतो का? बहुतेक नाही, आणि तुमचा काटा न हलण्याचं एक कारण इथेच आहे. हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा जाळी नसते, कंडेन्सर आणि रेडिएटर असतात. जाळी गरजेपेक्षा मोठी असेल तर तिचा पहिला एक तृतीयांश हिस्सा झाकूनही रेडिएटरमधून जाणारी हवा फारशी कमी होत नाही. उरलेल्या भोकातून ती जास्त वेगाने शिरते, इतकंच. हवा तेवढीच तर कूलिंग तेवढंच, आणि ड्रॅगही जवळजवळ तेवढाच. काही वेळा तर त्या अरुंद भोकातून शिरलेला झोत रेडिएटरच्या एकाच भागावर आपटतो, बाकीचा भाग उपाशी राहतो, आणि कूलिंग बिघडतं पण ड्रॅग वाचत नाही. झाकत झाकत एका टप्प्याच्या पुढे गेलात की मग मात्र हवा भराभर कमी होते, ड्रॅग उतरू लागतो आणि तापमानही चढू लागतं. फायदा आणि धोका हातात हात घालून येतात.

शिवाय तुम्ही झाकलेली जाळी खरी होती का, हेही बघा. बॉनेटखालची मोठी जाळी आजकालच्या अनेक गाड्यांत निम्म्याहून जास्त नुसती शोभेची असते, पट्ट्यांच्या मागे काळं प्लास्टिक असतं. टॉर्च मारा, कंडेन्सरचे पातळ पत्रे दिसले तर ती जाळी खरी. खरा दाब बंपरच्या उंचीवर, हवा थांबते त्या पट्ट्यात असतो. बॉनेटच्या कडेजवळ हवा आधीच वर वळून वेग घेऊ लागलेली असते, तिथे दाब कमी. म्हणून बऱ्याच गाड्यांचा खरा श्वास नंबरप्लेटच्या खालच्या तोंडातून चालतो. टनेलमध्ये एकदा वरची जाळी पूर्ण टेपने बंद केली आणि आकडा हललाच नाही. टेप सुटली असेल म्हणून पुन्हा आत जाऊन पाहिलं. टेप घट्ट होती, जाळीच मुळात बंद होती.

आता काट्याविषयी, आणि हे मनावर घ्या. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खरं तापमान दाखवत नाही. चालकाला उगाच काळजी वाटू नये म्हणून तो मुद्दाम एका मोठ्या पट्ट्यात मधोमध धरून ठेवलेला असतो. कितीतरी गाड्यांत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ८० अंशांवर असो वा १०५ वर, काटा तिथेच. एका लांब चढावर चाचणी चालू होती. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर कूलंट ९४, ९९, १०३, १०७ असं चढत गेलं, पंखा पूर्ण जोरात गरगरू लागला, आणि चालकाने विचारलं, "काही होतंय का? काटा तर मध्येच आहे." काटा हलला तेव्हा आम्हाला थांबावंच लागलं. कूलंट अर्धं ग्लायकॉलचं असतं आणि टाकीचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून १०७ ला ते उकळत नाही. पण वर राखीव अशी जागा फार थोडी उरलेली असते. दोन आठवडे काटा हलला नाही याचा अर्थ दोन आठवड्यांत तुम्हाला लांब चढ, भरलेली गाडी, कडक ऊन आणि चालू एसी हे चारही एकदम भेटले नाहीत, एवढाच आहे. रेडिएटर त्या चौघांसाठीच मोठा केलेला असतो. बाकीच्या दिवशी त्याची क्षमता पडून असते, आणि म्हणूनच झाकण्याचा मोह होतो.

आणि नुसतं इंजिनच नाही. जाळीच्या मागे सर्वांत पुढे एसीचा कंडेन्सर असतो. त्याला हवा कमी पडली की एसीमधला दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर इंजिनाकडून जास्त ताकद मागतो. टर्बो असेल तर त्याने दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर पुढेच असतो. त्याची हवा कमी झाली की इंजिनात गरम हवा जाते आणि इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही बऱ्याचदा तिथेच थंड होतं, आणि त्याचं तापमान दाखवणारा काटा बहुतेक गाड्यांत नसतोच.

पंख्याचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून आकड्यांत मांडतो. रेडिएटरचा पंखा जोरात चालतो तेव्हा सुमारे ४०० वॅट वीज घेतो, मोठ्या गाडीत याहून जास्त. इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरमधलं नुकसान धरलं की इंजिनाकडून सहाशे वॅटच्या वर जातात. पूर्ण झाकून आपण वाचवले सव्वाचारशे. म्हणजे झाकल्यामुळे पंखा बराच वेळ चालू राहिला तर जे कमावलं ते सगळं गेलं, वर गाडी गरम. निम्म्या झाकणाने समजा शंभर वॅट वाचले, तर दर दहा मिनिटांत पंखा दीड-दोन मिनिटं जास्त चालला की हिशेब बरोबरीत. मोकळ्या जाळीने शंभरच्या वेगाला पंखा सहसा चालूच होत नाही, समोरच्या हवेचा दाबच पुरतो. या वेगाला हवा थांबते तिथे दाब सुमारे ४६० पास्कल असतो, पन्नासच्या वेगाला त्याच्या चौथाई. हा दाब फुकट मिळतो आणि आपण तो झाकून तिथे पंखा लावतो, हे मला पटत नाही.

मग गाड्या बनवणारे काय करतात? तेच, पण हलत्या झडपांनी. जाळीच्या मागे आडव्या पट्ट्या असतात, एक छोटी मोटर त्या फिरवते, आणि कूलंटचं तापमान, एसीचा दाब, गाडीचा वेग बघून त्या उघडायच्या किती ते ठरतं. कल्पना जुनीच आहे. १९३० च्या दशकातल्या पॅकार्डसारख्या गाड्यांत तापमानानुसार उघडणाऱ्या रेडिएटरच्या झडपा होत्या. तेव्हा हेतू इंजिन लवकर तापवण्याचा होता, आणि थंड हवामानात तो फायदा आजही ड्रॅगइतकाच महत्त्वाचा आहे. बंद पडल्या तर या झडपा उघड्या राहाव्यात अशी रचना करतात. तुमच्या पत्र्यात नेमकं हेच नाही. झडप चढावर उघडते, पत्रा उघडत नाही.

झडपांच्याही आधी करायचं काम म्हणजे वाट नीट करणं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा तिथेच आहे. मोठ्या जाळीतून शिरलेल्या हवेला रेडिएटरखेरीज अनेक पळवाटा असतात: कडेच्या फटी, वरच्या पट्टीखालची जागा, दिव्यांमागची पोकळी. या वाटांनी गेलेली हवा कूलिंगचं काहीच काम करत नाही, ड्रॅगची किंमत मात्र पूर्ण घेते. म्हणून रेडिएटरच्या चारही कडांना फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पडदे असतात. ते जागेवर असले की लहान तोंडातून तेवढंच कूलिंग मिळतं. किरकोळ अपघातानंतर किंवा रेडिएटर बदलल्यावर हे पडदे परत बसवले जात नाहीत, असं मी वारंवार पाहिलं आहे. ते बाहेरून दिसत नाहीत, त्यांच्यावाचून गाडी चालू होते, मग ते कोपऱ्यात पडून राहतात. एकदा अशीच एक गाडी आली होती, रहदारीत तापायची. जाळी मोठी करून बघितली होती, मोठा पंखा बसवला होता, तरी तेच. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या बाजूला हात सहज आरपार जात होता. गाडी उभी असताना पंख्याने मागे टाकलेली गरम हवा त्याच फटीतून फिरून पुन्हा पुढे येत होती आणि रेडिएटर तीच ती हवा पीत होता. दोन्ही बाजूंना फोम बसवला आणि प्रश्न संपला.

बाहेर पडायच्या वाटेचंही तसंच. इंजिनाखालचं प्लास्टिक आणि बंपरखालची लवचिक पट्टी दगड लागून तुटते, लोक ती काढून टाकतात. त्या पट्टीमुळे तिच्या मागे दाब कमी होतो आणि इंजिनाच्या खोलीतली हवा खाली ओढली जाते. ती गेली की रेडिएटरच्या मागचा दाब वाढतो, कूलिंग कमी होतं, आणि ड्रॅगही वाढतो, कारण हवा थेट खालच्या अवजारांवर आपटते. काही जण बॉनेटची मागची कड वायसर घालून उचलतात, गरम हवा निघून जाईल म्हणून. उभ्या गाडीत ती निघते. वेगात मात्र काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा आत शिरते. हे अजिबात करू नका.

या वाट नीट करण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण विमानातलं आहे. ब्रिटनमध्ये फार्नबरो इथल्या विमान-संशोधन केंद्रातले अभियंते मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये मांडलं की रेडिएटरसमोर वाट हळूहळू रुंद करून हवा सावकाश करा, म्हणजे दाब वाढेल आणि रेडिएटरमधलं नुकसान घटेल. मग मागे वाट अरुंद करून ती तापलेली हवा जोरात मागे सोडा, म्हणजे तिचा धक्का परत मिळेल. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर या तत्त्वावर होता, त्यात कूलिंगच्या ड्रॅगची बरीच भरपाई होत असे. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला असा धक्का मिळत नाही, दाब फारच कमी पडतो. पण पहिला अर्धा भाग, हवा सावकाश आणि न विस्कटता रेडिएटरपर्यंत नेणं, गाडीलाही तितकाच लागू आहे. तोंड लहान, वाट बंदिस्त, रेडिएटर मोठा.

इलेक्ट्रिक गाडीत उष्णता कमी, म्हणून तोंडही छोटं असतं. मर्सिडीजच्या २०२१ सालच्या ईक्यूएसचा गुणांक ०.२० सांगितला गेला, त्यात बंद नाकाचाही वाटा आहे. पण तिथेही कंडेन्सर आणि बॅटरीला हवा लागतेच, आणि जलद चार्जिंगच्या वेळी तर गाडी उभी असते, सगळं काम पंख्यावर. तिथेही झाकू नका.

तरीही तुम्हाला फरक स्वतः मोजायचा असेल तर इंधनाच्या दोन टाक्यांची तुलना करून काही कळणार नाही. न्यूट्रलवर वेग किती वेळात उतरतो ते मोजायची पद्धत बरी आहे, पण ती मोकळ्या, सपाट, रहदारी नसलेल्या ठिकाणीच करा आणि इंजिन चालू ठेवा, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंगला मदत राहते. तुमच्यासारख्या गाडीला १०० वरून ८० वर यायला साधारण सोळा-सतरा सेकंद लागतील. जाळी पूर्ण बंद केल्याने त्यात अर्ध्या सेकंदाची भर पडेल. आता हे बघा: ताशी ५ किलोमीटरचा मागचा वारा याच्या दुप्पट फरक पाडतो. हवेचं तापमान १० अंशांनी बदललं तर हवेची घनता तीन टक्क्यांहून जास्त बदलते, तो फरकही जवळपास तेवढाच. टायर गार असतील तर त्यांचा रोध पहिल्या वीस-तीस मिनिटांत सतत उतरत राहतो. म्हणून अर्धा तास गाडी चालवून मग सुरुवात करा, दोन्ही दिशांना निदान पाच-पाच वेळा मोजा आणि उघडी-बंद-उघडी अशा क्रमाने जा. शेवटची उघडी पहिल्या उघडीशी जुळली नाही तर दिवसभराचे आकडे टाकून द्या. मी दिलेले आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर पत्रा आजच काढला असता. कडाक्याच्या थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थोडा भाग झाकायला हरकत नाही, पण मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखा झाका, एकच बाजू नाही. एका बाजूने झाकलं की पंख्याचं प्रत्येक पातं दर फेरीत भाराखाली जातं आणि सुटतं, त्याने ते दमतं. सोबत गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायची जागा) लागणारं रीडर घ्या आणि कूलंटचा खरा आकडा समोर ठेवा. आधी जाळी मोकळी असताना शंभरला तो किती स्थिर राहतो ते लिहून ठेवा, साधारण नव्वदच्या आसपास असेल. झाकल्यावर सपाट रस्त्यावर त्यापेक्षा पाच-सहा अंश वर गेला, किंवा त्या वेगाला पंखा चालू झाल्याचं ऐकू आलं, तर जास्त झाकलं आहे. ऊन वाढलं की काढा, चढाचा रस्ता असेल तर निघण्याआधी काढा.

आणि पत्रा काढायला बॉनेट उघडालच, तेव्हा रेडिएटरच्या दोन्ही कडांना बोट घालून बघा. बोट आरपार गेलं तर तिथे फोम हवा आहे. खाली वाकून इंजिनाखालचं प्लास्टिक आणि बंपरखालची पट्टी आहे का तेही बघा. काय सापडलं ते, गाडीत टर्बो आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे का ते, आणि ओबीडीवरचे आकडे कळवलेत तर तुमच्या गाडीसाठी नेमकं काय करावं हे मला जास्त खात्रीने सांगता येईल.